बालवीर चळवळीतील संघपद्धती आणि ग्रामीण विद्यार्थ्यांचे समूहजीवन : मासवण–पालघर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
स्काऊट-गाईड चळवळ महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळांना परिचित आहे. तथापि तिचा परिचय गणवेश, संचलन आणि प्रजासत्ताक दिनाची मानवंदना यांपुरताच मर्यादित राहिलेला दिसतो. या चळवळीचा गाभा म्हणजे सहा ते आठ मुलांचा स्वयंशासित लहान गट, अर्थात 'संघ'. प्रस्तुत लेखात चळवळीचा उगम, भारतातील वाटचाल, रचना आणि कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे. मासवण–पालघर–बोईसर परिसरातील आदिवासी, कोळी, शेतकरी आणि औद्योगिक कामगार कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या संदर्भात संघपद्धतीचे महत्त्व काय, तिच्यापुढील अडचणी कोणत्या आणि महाविद्यालयांना त्यात कोणती भूमिका घेता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बालवीर, वीरबाला, संघपद्धती, मानसभा, सोपान, खरी कमाई, आश्रमशाळा.

प्रस्तावना :
पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबाची खिंड ओलांडून पूर्वेकडे उतरतो आणि सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव लागते. वसई-विरारकडे जाणाऱ्या सूर्या योजनेच्या पाण्याचा उपसा येथूनच होतो. गावाच्या भोवती वारली, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासी समाजांचे पाडे आहेत. पश्चिमेला पालघर हे १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचे मुख्यालय झालेले शहर आहे. त्यापलीकडे सातपाटीसारखी मासेमारीची गावे आहेत, तर वायव्येला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र आहे. इतक्या लहान भूभागात इतक्या भिन्न जीवनपद्धती एकमेकींना लागून नांदतात, ही या परिसराची विशेषता होय.

या भिन्नतेचे प्रतिबिंब शाळांमध्ये उमटते. आश्रमशाळेत वसतिगृहात राहणारा वारली मुलगा, किनाऱ्यावरील कोळी मुलगी, उत्तर भारतातून आलेल्या कारखाना कामगाराचा मुलगा आणि वसाहतीतील अभियंत्याची मुलगी ही एकाच तालुक्यातील भावंडे असली, तरी त्यांच्या भेटीचे प्रसंग फार थोडे असतात. परीक्षा आणि क्रीडास्पर्धा त्यांना समोरासमोर आणतात, पण प्रतिस्पर्धी म्हणून. एकत्र चूल पेटवावी, एकत्र तंबू उभारावा, एकाच्या चुकीचा भार सर्वांनी वाहावा, असे प्रसंग शालेय वेळापत्रकात जवळजवळ नाहीतच. बालवीर चळवळीचा विचार करावयाचा तो या उणिवेच्या संदर्भात.

चळवळीचा उगम :
रॉबर्ट बेडन-पॉवेल (जन्म २२ फेब्रुवारी १८५७) हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी होते. त्यांच्या लष्करी सेवेचा आरंभ १८७६ मध्ये भारतातच झाला. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगला १८९९–१९०० मध्ये पडलेल्या २१७ दिवसांच्या वेढ्यात तेथील किशोरवयीन मुलांनी निरोप पोहोचविण्याची कामे चोख बजावली. विश्वास टाकला तर मुले जबाबदारी पेलतात, हा त्या अनुभवातून निघालेला धडा होता.

पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविण्यात आले. या शिबिरातील एक बाब शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ईटन, हॅरोसारख्या श्रीमंत शाळांतील मुले आणि पूल व बोर्नमथ येथील सामान्य कुटुंबांतील मुले मुद्दाम एकत्र आणून त्यांचे चार गट पाडण्यात आले. वर्गभेदाने दुभंगलेल्या समाजातील मुलांना काही दिवस एका चुलीवर आणणे, हा त्या प्रयोगाचा हेतूच होता. १९०८ मध्ये 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ अल्पावधीत देशोदेशी पसरली. मुलींनीही आग्रहाने प्रवेश मागितला आणि १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या साहाय्याने गाईड चळवळ सुरू झाली.

चळवळीच्या उगमाशी साम्राज्यवादी पार्श्वभूमी निगडित आहे, हे नाकारता येत नाही. माग काढणे, रानात वावरणे, खुणांवरून दिशा ओळखणे ही कौशल्ये बेडन-पॉवेल यांनी बहुतांशी आफ्रिकेतील व अन्य वसाहतींतील मूळ रहिवाशांकडून उचलली आणि ती युरोपीय मुलांच्या शिक्षणाची साधने बनविली. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

भारतातील वाटचाल :
भारतात १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिले स्काऊट पथक स्थापन केले. १९११ मध्ये जबलपूर येथे पहिले गाईड पथक निघाले. परंतु ही पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना दार बंद होते. हे दार भारतीयांनी स्वतःच्या बळावर उघडले. पंडित श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहानपूर येथे भारतीय मुलांचे पथक उभारले. १९१६ मध्ये डॉ. ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रास येथे इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन स्थापन केली. त्यानंतर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबाद येथे सेवा समिती स्काऊट असोसिएशन उदयास आली. नामदार गोखले यांनी पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे कुंझरू हे पुढे अध्यक्ष झाले, ही बाब महाराष्ट्रीय वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. सेवेची राजकारणनिरपेक्ष शिस्त हा दोन्ही संस्थांना जोडणारा धागा होता.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि एकीकरणाचे प्रयत्न झाले. पण ब्रिटिश राजाशी निष्ठेची प्रतिज्ञा हा मुद्दा राष्ट्रीय वृत्तीच्या कार्यकर्त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेल्या विधानांवरून वाद उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू, मंगलदास पक्वासा, कुंझरू, वाजपेयी, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आदींच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकसंध संघटना स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत विलीन झाली. यांपैकी न्यायमूर्ती बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. मुलगे आणि मुली यांची एकच संघटना असणे ही जगातील अनेक देशांहून वेगळी अशी भारतीय व्यवस्था आहे. गाईड चळवळीच्या जागतिक केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे.

महाराष्ट्रात मुलांच्या संघटित समूहजीवनाचे स्काऊटिंग हे एकमेव प्रतिमान नव्हते. १९४१ मध्ये पुनर्रचित झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा, कलापथक व श्रमशिबिरे यांतून वेगळी परंपरा घडविली. पालघर जिल्ह्यातच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर शिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांत 'कुरणशाळा' होती. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच कुरणात नेण्याचा तो विचार होता. मूल जेथे आहे आणि जे जाणते तेथून शिक्षणाला आरंभ करावा, हे त्यामागील सूत्र स्काऊटिंगच्या सूत्राशी जुळणारे आहे.

रचना आणि सोपान :
भारत स्काऊट्स आणि गाईड्सची रचना वयानुसार विभागलेली आहे. प्राथमिक वयातील मुलगे 'कब' व मुली 'बुलबुल' म्हणून ओळखल्या जातात. साधारण दहा वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंतचे विद्यार्थी स्काऊट व गाईड असतात. मराठीत त्यांना बालवीर व वीरबाला असे म्हटले जाते. त्यापुढील, पंचविशीपर्यंतचे युवक रोव्हर व युवती रेंजर होत. शाळांशी संलग्न पथकांबरोबरच कोणत्याही शाळेशी न जोडलेली मुक्त पथकेही असू शकतात. राज्यांप्रमाणेच रेल्वे, केंद्रीय विद्यालय संघटन व नवोदय विद्यालय समिती यांनाही संघटनेत राज्याचा दर्जा आहे. त्यामुळे एकाच गावातील दोन शाळांची पथके दोन स्वतंत्र यंत्रणांखाली येऊ शकतात.

बालवीराची प्रगती 'प्रवेश', 'प्रथम सोपान', 'द्वितीय सोपान', 'तृतीय सोपान', 'राज्य पुरस्कार' आणि 'राष्ट्रपती पुरस्कार' अशा पायऱ्यांनी होते. प्रवेशात प्रतिज्ञा, नियम, वंदन, डाव्या हाताने हस्तांदोलन, प्रार्थना, ध्वजगीत आणि रोजचे एक सत्कृत्य यांचा समावेश असतो. पुढील सोपानांत गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र व नकाशा, अंदाज बांधणे, स्वयंपाक, पदभ्रमण आणि समाजसेवा यांची क्रमाने भर पडते. प्रतिज्ञेत ईश्वर वा धर्म, देश आणि इतरांना साहाय्य यांविषयीचे कर्तव्य उच्चारले जाते. नियम नऊ आहेत. विश्वासार्हता, निष्ठा, सर्वांशी मैत्री, विनय, प्राणिमात्र व निसर्ग यांविषयी प्रेम, शिस्त व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, धैर्य, काटकसर आणि आचारविचारांची शुद्धता हा त्यांचा आशय होय.

या यादीकडे अभ्यासक्रम म्हणून पाहिल्यास ती कोरडी वाटते. घोकंपट्टीने प्रवेश पार करणारी मुले अनेक शाळांत आढळतात. यादीला प्राण देणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे संघ.

संघपद्धती – चळवळीचा गाभा :
पथकात साधारणतः बत्तीसपर्यंत मुले असतात आणि त्यांचे सहा ते आठ जणांचे संघ पाडलेले असतात. प्रत्येक संघाला नाव, ध्वज, घोषणा आणि मैदानातील स्वतःचा कोपरा असतो. संघनायक हा त्यांच्यातलाच एक मुलगा असतो. उपनायक, कोठारपाल, लेखनिक, स्वयंपाकप्रमुख, प्रथमोपचारक अशी प्रत्येकाकडे एकेक जबाबदारी असते. ज्याला कोणतेच काम नाही असा सदस्य संघात नसतो, आणि वर्गातील गटकार्याहून संघ वेगळा ठरतो तो येथे. वर्गात साठ मुलांमध्ये मागच्या बाकावरचे मूल वर्षभर अदृश्य राहू शकते. सहाजणांत अदृश्य होता येत नाही. त्या संध्याकाळी काड्यापेटी आणण्याचे काम त्याचे असेल आणि ती तो विसरला, तर साऱ्या संघाची चूल पेटत नाही. परिणाम शिक्षेच्या रूपाने येत नाही, वस्तुस्थितीच्या रूपाने येतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला जे सांगून साधत नाही ते येथे घडून साधते.

सर्व संघनायक आणि स्काऊट मास्तर यांची मिळून 'मानसभा' होते. शिबिर कोठे न्यावे, खरी कमाईचा पैसा कशावर खर्चावा, नियमभंग करणाऱ्या सदस्याबाबत काय करावे, असे प्रश्न तीत चर्चेला येतात. स्काऊट मास्तराने तेथे सल्ला द्यावा, निर्णय मुलांनी घ्यावा, अशी अपेक्षा असते. चौदा वर्षांच्या मुलांनी इतिवृत्त लिहिणे, मतभेद ऐकून घेणे आणि निर्णय झाल्यावर विरोधी मताच्या सदस्यानेही तो पाळणे हे लोकशाहीचे प्रात्यक्षिक होय. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेची व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी मानसभेत बसला, तर त्याला त्या व्याख्येचा अर्थ कळतो. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग पेसा कायद्याच्या कक्षेत येतो. ज्या गावांत ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत, तेथील मुलांच्या बाबतीत हे शिक्षण विशेष मोलाचे ठरते.

'खरी कमाई' हा असाच एक अर्थपूर्ण उपक्रम आहे. मुलांनी श्रम करून, वस्तू बनवून किंवा खाद्यपदार्थ विकून थोडे पैसे मिळवावेत आणि त्यांचा हिशेब पथकाला द्यावा, अशी ती कल्पना. महाराष्ट्रातील शाळांत ती मेळाव्याच्या रूपाने रूढ झाली आहे. मात्र पालकांनी पदार्थ करून द्यायचे, शिक्षकांनी ते विकत घ्यायचे, असे तिचे स्वरूप झाले की 'खरी' हा शब्द निरर्थक ठरतो. भातकापणीच्या काळात घरच्या शेतात राबणाऱ्या आदिवासी मुलाला श्रमाची किंमत शिकवावी लागत नाही. हिशेब लिहिणे, भाव ठरविणे, नफा-तोटा मांडणे हे मात्र त्याला येथे शिकता येते.

साप्ताहिक बैठक आणि शिबिर :
सुव्यवस्थित पथकाची साप्ताहिक बैठक ठरावीक क्रमाने चालते. शिट्टीच्या संकेतावर मुले नालाकृती रचनेत उभी राहतात. ध्वजवंदन, प्रार्थना आणि स्वच्छतेची तपासणी होते. त्यानंतर संघ आपापल्या कोपऱ्यात जातात. नवी कृती शिकविली जाते आणि लगेच तिचा उपयोग होईल असा खेळ घेतला जातो. गाठ शिकविली तर पुढील खेळ दोर जोडण्याच्या शर्यतीचा असतो. शेवटी एखादी गोष्ट, सूचना व ध्वजावतरण. ज्ञान, कृती आणि खेळ यांचे अंतर येथे काही मिनिटांचे असते.

शिबिर हे वर्षभराच्या तयारीचे फळ होय. मासवण परिसरात जून ते सप्टेंबर पावसाचा जोर असल्याने शिबिराचा योग्य काळ म्हणजे हिवाळा. जागा निवडताना पाणी, सावली, उतार, वारा, सर्पांचा वावर आणि रुग्णालयाचे अंतर यांचा विचार करावा लागतो. नदीकाठ रमणीय असला तरी पात्रात किंवा पात्रालगत तंबू ठोकू नये, हे सूर्येच्या काठावरील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. बांबू आणि दोर यांपासून भांडी ठेवण्याची मांडणी, चपलांचे स्टँड, प्रवेशद्वार अशी साधने संघ स्वतः उभारतात. भांड्यांविना स्वयंपाक ही स्पर्धा बहुतेक शिबिरांत असते. रात्री शेकोटीभोवती प्रत्येक संघ काहीतरी सादर करतो. तारप्यावर फेर धरून नाचणाऱ्या समाजातील मुलांना वर्तुळात बसून गाण्याची कला बाहेरून आणावी लागत नाही.

स्थानिक ज्ञानाचा प्रश्न :
येथे चळवळीच्या उगमाच्या संदर्भात वर आलेल्या मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. स्काऊटिंगच्या पाठ्यक्रमातील बरीच कौशल्ये या परिसरातील समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोन असमान जाडीच्या दोरांना जोडणारी 'शीट बेंड' ही गाठ द्वितीय वा प्रथम सोपानातील धडा म्हणून शिकविली जाते; मासेमारीचे जाळे विणताना घातली जाणारी गाठ रचनेने हीच आहे. सातपाटीच्या घरांत ती लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. पानात गुंडाळून भाजलेली पानगी हा भांड्यांविना स्वयंपाकच होय. पायवाटेवरील मोडलेली फांदी, ओल्या मातीतील ठसा, पक्ष्याचा इशारा यांचे वाचन रानात गुरे राखणारे मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते.

याचा शैक्षणिक अर्थ मोठा आहे. प्रमाण मराठीत, पाठ्यपुस्तकात आणि इंग्रजीच्या तासात जे मूल सतत मागे पडलेले ठरते, तेच मूल पथकात गुरू ठरू शकते. मात्र त्यासाठी स्काऊट मास्तराने दृष्टी बदलावयास हवी. पुस्तकातील गाठीचे इंग्रजी नाव फळ्यावर लिहून ती शिकविणे आणि 'ही गाठ तुझ्या घरी कशासाठी घालतात, ते सर्वांना दाखव' असे म्हणणे यांत फार अंतर आहे. पहिल्या पद्धतीत मूल आपल्याच ज्ञानाचा विद्यार्थी बनते. दुसरीत त्याचे ज्ञान प्रतिष्ठा पावते. जगभरच्या मूळ रहिवाशांचे ज्ञान उचलून घडलेली ही विद्या आदिवासी मुलांना परकी म्हणून परत शिकविली जावी, हा विरोधाभास टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

गणवेशाचा मुद्दाही याच दृष्टीने पाहावा लागतो. एकसारखा गणवेश सामाजिक भेद पुसतो, हे खरे. परंतु या भागाच्या स्मृतीत गणवेश हा दीर्घकाळ पोलिसाचा आणि जंगल खात्याच्या शिपायाचा होता. वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारली लढ्याचा इतिहास येथे फार जुना नाही. दुसरीकडे, १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात पाच हुतात्मे पडले, त्यांच्या स्मारकाला मानवंदना देण्यात येथील विद्यार्थ्यांना अभिमान वाटतो. करडा सदरा आणि गळ्यातील स्कार्फ घातलेले मूल सत्तेचे नव्हे, सेवेचे प्रतीक आहे, हे गावाला पटते ते कृतीतून : यात्रेत हरवलेल्या मुलाला पोहोचविण्यातून, पाणवठा स्वच्छ करण्यातून, वृद्धाला दवाखान्यात नेण्यातून.

आपत्ती आणि 'तयार' हे ब्रीद :
'तयार' या एका शब्दात चळवळीचे ब्रीद सामावले आहे. पालघर जिल्ह्यात या ब्रीदाला प्रत्यक्ष अर्थ आहे. धामणी धरणातून पाणी सोडले की सूर्येची पातळी वाढते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात जीवितहानी झाली. अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या परिसरात आपत्कालीन नियोजनाचे स्वतंत्र निकष लागू आहेत. अशा जिल्ह्यात वायुगळतीच्या वेळी वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जाणे, ओले फडके नाकातोंडावर धरणे, भूकंपात मजबूत टेबलाखाली आश्रय घेऊन डोके झाकणे, गर्दी शांतपणे बाहेर काढणे हे ज्ञान प्रत्येक शाळेत किमान एका संघाला सरावाने अवगत असणे ही चैन नव्हे.

मात्र हे ज्ञान अद्ययावत असावयास हवे. सर्पदंशाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. भातशेतीच्या या प्रदेशात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या विषारी सापांपासून धोका असतो. जुन्या प्रथमोपचार पुस्तिकांत दंशाच्या वर आवळपट्टी बांधणे, जखमेवर चीर देणे, विष चोखणे असे उपाय सांगितलेले आढळतात. आजचे वैद्यकशास्त्र ते निषिद्ध मानते. रुग्णाला धीर देणे, दंश झालेला अवयव न हलविता फळीच्या आधाराने स्थिर ठेवणे, अंगठी-कडे काढणे आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब नेणे हाच योग्य मार्ग होय. भगताकडे जाण्यात वेळ दवडला जाऊ नये म्हणून घरच्या माणसांना समजावण्याचे काम त्याच पाड्यातील बालवीर अधिक परिणामकारकपणे करू शकतो. कारण तो घरचा असतो. येथे एका सोपानातील एका धड्यावर एक जीव अवलंबून असतो.

अडचणी व मर्यादा :
संघपद्धतीचे सामर्थ्य मान्य करताना तिच्या मर्यादांचाही विचार केला पाहिजे.

१) कागदोपत्री पथके : नोंदणी, शुल्क आणि अहवाल पूर्ण असूनही वर्षभर एकही संघबैठक न होणे, ही सर्वपरिचित अवस्था आहे. पथक जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी साधी आहे. शिक्षक रजेवर असताना बैठक होते काय? होत असेल तर पथक जिवंत आहे.

२) शिक्षकांवरील भार : स्काऊट मास्तर वा गाईड कॅप्टन हा बहुधा पूर्णवेळ विषयशिक्षक असतो. प्राथमिक व प्रगत प्रशिक्षण, त्यापुढील 'हिमालय वुड बॅज', शिबिरांची जबाबदारी आणि मुलांच्या सुरक्षिततेची चिंता हे सारे त्याने अध्यापनाखेरीज सांभाळावे, अशी अपेक्षा असते. त्याची बदली झाली की पथक विरते.

३) आर्थिक भार : गणवेश, स्कार्फ, पदके आणि प्रवास यांचा खर्च मजुरी करणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. गणवेश नाही म्हणून मूल बैठकीला न येणे हे चळवळीच्या तत्त्वाशीच विसंगत आहे. चळवळीचे मर्म स्कार्फ आणि प्रतिज्ञा यांत आहे. उर्वरित पोशाख टप्प्याटप्प्याने किंवा शाळेच्या सामाईक साठ्यातून मिळावा, अशी व्यवस्था करता येते.

४) स्थलांतर : दिवाळीनंतर कातकरी व वारली कुटुंबांपैकी अनेक जण वीटभट्ट्या, रेती आणि बांधकामाच्या कामांसाठी बाहेर पडतात, मुले बरोबर जातात. शिबिराचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे. ज्या मुलाला संघाची सर्वाधिक गरज, तेच मूल नेमके त्या काळात अनुपस्थित असते. ही अडचण केवळ पथकाच्या पातळीवर सुटणारी नाही. तथापि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाच्या उघडिपीत, शाळेच्या इमारतीत एक-दोन दिवसांचे संघशिबिर घेतल्यास त्या मुलांचा वाटा हिरावला जात नाही.

५) मुलींचा सहभाग : रात्रीच्या शिबिराला मुलींना पाठविण्यास पालक कचरतात. प्रशिक्षित गाईड कॅप्टनची उपस्थिती, स्वच्छतागृहाची खात्री आणि पालकांना शिबिरस्थळी येण्याची मुभा या तीन गोष्टींनी हा संकोच बराच कमी होऊ शकतो.

महाविद्यालयांची भूमिका :
महाविद्यालयीन प्राध्यापकांना राष्ट्रीय छात्र सेना आणि १९६९ पासून सुरू असलेली राष्ट्रीय सेवा योजना सुपरिचित आहेत. रोव्हर-रेंजर विभाग मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. या तिन्हींत स्पर्धा असण्याचे कारण नाही. त्यांचे हेतू भिन्न आहेत. छात्र सेनेत लष्करी शिस्त प्रधान आहे, सेवा योजनेत समाजाची ओळख. रोव्हर-रेंजर विभागात सेवा आणि स्वयंशासन यांचा मेळ आहे. शिवाय शालेय पथकांशी त्याचा थेट दुवा जुळतो.

हाच दुवा या परिसरात सर्वाधिक उपयोगी पडू शकेल. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांत आश्रमशाळांतून आलेले अनेक विद्यार्थी शिकतात. त्यांच्यापैकी प्रशिक्षित रोव्हर व रेंजर यांनी आठवड्यातून एक दिवस आपल्या जुन्या शाळेच्या पथकाला साहाय्य केल्यास शिक्षकाचा भार हलका होईल, बदलीने पथक खंडित होणार नाही आणि पाड्यावरील मुलांपुढे आपल्यातूनच पुढे गेलेल्या तरुणाचे उदाहरण उभे राहील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये सहशालेय उपक्रमांना श्रेयांक मिळण्याची वाट खुली झाली आहे. त्या चौकटीत अशा सेवेची नोंद व्हावी, यासाठी महाविद्यालयांनी प्रयत्न करणे उचित ठरेल. श्रेयांक मात्र प्रमाणपत्रावर नव्हे, तर संघाच्या नोंदवहीवर आधारित असावा. अन्यथा कागदोपत्री पथकांचाच रोग महाविद्यालयांत शिरेल.

समारोप :
बालवीर चळवळ साम्राज्याच्या छायेत जन्मली, भारतीयांनी झगडून ती आपली केली आणि स्वातंत्र्यानंतर ती शाळांच्या अंगणात स्थिरावली. तिचे बाह्यरूप संचलनात आणि पदकांत दिसते. तिचे सामर्थ्य सहाजणांच्या संघात आहे. मासवण–पालघरसारख्या परिसरात, जेथे आदिवासी पाडा, कोळीवाडा आणि औद्योगिक वसाहत एकमेकांच्या शेजारी असूनही परस्परांना अपरिचित आहेत, तेथे हा लहान संघ मुलांना एका चुलीभोवती आणू शकतो, उपेक्षित ज्ञानाला प्रतिष्ठा देऊ शकतो आणि आपत्तीच्या क्षणी उपयोगी पडणारे हात घडवू शकतो. त्यासाठी नव्या योजनेची आवश्यकता नाही. अस्तित्वात असलेल्या पथकांत संघबैठक नियमित भरावी, मानसभेचे निर्णय मुलांचे असावेत आणि शाळा व महाविद्यालय यांच्यात रोव्हर-रेंजरांचा दुवा उभा राहावा, एवढे घडले तरी नोंदवहीतील पथक आणि मैदानातील पथक यांतील अंतर पुष्कळ कमी होईल.